सकाळी मळा, दुपारी दलदल

मंडळी, पत्रिकेत ‘लुइझियानाची सफर’ असं छापलंय. नुसत्या स्लाइड्स बघायला आलेल्यांनी काळजी करू नये, मगरी आहेत. पण त्याआधी थोडं तिकिटाबद्दल बोलायचंय.

लुइझियाना हे अमेरिकेच्या दक्षिणेकडचं राज्य. तिथल्या न्यू ऑर्लिन्स शहरातून एका दिवसाची जोडसफर मिळते. सकाळी बस मिसिसिपी नदीकाठच्या रिव्हर रोडवर नेते आणि तिथला एखादा जुना उसाचा मळा दाखवते. तिकडे त्याला प्लांटेशन म्हणतात. जेवण झालं की दुपारी दलदलीतून बोटीची फेरी. जाहिरातीत सकाळ म्हणजे ‘इतिहास’ आणि दुपार म्हणजे ‘निसर्ग’. मला ही वाटणीच पटत नाही. दलदल हा त्या मळ्याचा मागचा भाग होता, आणि तिच्याशिवाय मळा चाललाच नसता.

आधी जमिनीचा उतार समजून घ्या. आपल्याकडे नदीकडे जावं तशी जमीन उतरत जाते. मिसिसिपीच्या मुखाकडच्या प्रदेशात उलटं आहे. हजारो वर्षांच्या पुरांनी काठालगत गाळ टाकला, त्यामुळे काठ उंच आणि नदीपासून लांब जावं तशी जमीन सखल. फ्रेंचांनी जमिनी वाटल्या त्या लांबट पट्ट्यांत: नदीवर अरुंद तोंड आणि मागे सहसा 40 आर्पां (हे जुनं फ्रेंच माप) खोली, म्हणजे सव्वादोन किलोमीटरहून थोडी जास्त. पुढे मालकाचा वाडा, मग ऊस, आणि शेवटी सायप्रस झाडांचं पाणथळ रान. नदीला बांध घालणं, चर खणणं, रान तोडून शेत मागे सरकवणं, ही सगळी कामं आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी आणि त्यांच्या मुलानातवंडांनी केली.

आता साखर. हे गाव उसाचं, त्यामुळे इथं जरा रेंगाळतो. 1791 मध्ये सां-दोमांग या फ्रेंच वसाहतीत, म्हणजे आजच्या हैतीत, गुलामांनी उठाव केला आणि जगातला साखरेचा सगळ्यात मोठा पुरवठा कोलमडला. 1795 मध्ये एतियेन द बोरे यानं न्यू ऑर्लिन्सजवळ विक्रीजोगी दाणेदार साखर पाडून दाखवली, आणि नीळ लावणारे मळेवाले भराभर उसाकडे वळले. पण लुइझियानात कडाक्याचं हिंव पडतं. हिंवानं ऊस मारला तर रस नासतो. म्हणून ऑक्टोबरपासून पुढचे दोन-तीन महिने रात्रंदिवस गाळप.

गुऱ्हाळातली काहील डोळ्यापुढे आणा. तशा चार-पाच काहिली एका रांगेत, मोठीपासून लहानीपर्यंत, खाली सलग जाळ. उकळता रस लांब दांड्याच्या पळ्यांनी एका काहिलीतून पुढच्या काहिलीत ओतायचा, पाळीमागून पाळी. डुलकी लागली की हात रसात, नाहीतर चरकात. अमेरिकेतल्या बाकीच्या गुलामांची संख्या जन्मांमुळे वाढत होती. इथल्या उसाच्या पट्ट्यात जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते. त्या भट्ट्यांना लाकडाचे डोंगर लागत, आणि ते येत मागच्या रानातून. मळा आणि दलदल एकच आहे म्हणतो ते यासाठी.

इथं नोर्बेर रियो हे नाव आलंच पाहिजे. जन्म 1806, न्यू ऑर्लिन्स. वडील गोरे, आई मिश्रवंशीय पण स्वतंत्र. हा मुलगा पॅरिसला शिकला आणि 1843 मध्ये त्यानं बहुटप्पी बाष्पीभवन यंत्राचं पेटंट घेतलं. पहिल्या भांड्यातल्या रसाची वाफ दुसरं भांडं तापवते. तिथं दाब कमी, म्हणून रस कमी उष्णतेवर उकळतो. इंधन वाचतं, साखर करपत नाही, आणि उघड्या काहिलीशी कुणाला उभं राहावं लागत नाही. आपल्या सहकारी कारखान्यांत रस आटवतात तो याच तत्त्वावर. आमच्या भागातल्या एकाही कारखान्यात मी त्याचा फोटो पाहिलेला नाही. संचालक मंडळांचे पुष्कळ पाहिले.

मळा कोणता बघायचा? ओक ॲलीचे 28 ओक वृक्ष देखणे आहेत, लोक तिथं लग्नंसुद्धा लावतात. मला ते झेपत नाही. पण गेलात तर अँत्वान हे नाव विचारा. या गुलाम माळ्यानं 1840 च्या दशकात पेकन या अक्रोडासारखं फळ देणाऱ्या झाडाची यशस्वी कलमं बांधली, आणि आजच्या पेकनच्या बागायतीची सुरुवात तिथून धरतात. त्याचं आडनाव कुठं नोंदलेलं नाही. माझं मत मात्र व्हिटनीला. 1752 मध्ये सुरू झालेला हा मळा 2014 मध्ये संग्रहालय म्हणून उघडला, आणि तिथं गोष्ट वाड्याची नाही, गुलामांची सांगतात. आत जाताना गळ्यात एक कार्ड देतात. त्यावर एका मुलाचं चित्र आणि त्याचे शब्द. गुलामीत बालपण गेलेल्या वृद्धांच्या मुलाखती 1930 च्या दशकात सरकारनं नोंदवल्या, त्यातले. 1811 च्या जानेवारीत नदीच्या पलीकडच्या काठावर शार्ल देलोंद याच्या पुढारपणाखाली गुलामांनी उठाव केला होता. तो मोडल्यावर मारलेल्यांची मुंडकी नदीकाठी खांबांवर लावली. त्याचं स्मारक तिथं आहे. लहान मुलं बरोबर असतील तर आधी स्वतः बघून या.

आता बोट. अमेरिकेत 1967 मध्ये धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत गेलेले आणि 1987 मध्ये त्या यादीतून बाहेर आलेले अ‍ॅलिगेटर, म्हणजे मगरीचे भाऊबंद, तुम्हाला दिसतील. काही नावाडी त्यांना बोलवायला पाण्यात मार्शमॅलो, म्हणजे साखरेची मऊ मिठाई, टाकतात. पांढरा गोळा तरंगतो, पाण्याखालून डोळ्यांची जोडी सरकत येते, जबडा मिटतो. सकाळी बघितलेली साखर दुपारी मगरीच्या पोटात! सायप्रसच्या बुंध्याभोवती पाण्यातून वर आलेली टोकदार खुंटं दिसतात, तिकडे त्यांना झाडाचे गुडघे म्हणतात. आणि जलपर्णी. पुणेकरांना ओळख करून द्यायला नको. ती खायला आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत, असं विधेयक लुइझियानाच्या एका खासदारानं 1910 मध्ये खरोखर मांडलं होतं. मंजूर झालं नाही.

नावाडी सहसा सांगत नाही ते मी सांगतो. मळ्यातून पळालेली माणसं याच रानात शिरत. त्यांच्यातला हुआन सान मालो स्पॅनिश राजवटीत शहराच्या खालच्या अंगाच्या सायप्रसवनांत वस्त्या करून राहिला. ही माणसं मासे धरत, मका लावत, आणि सायप्रसचे ओंडके तासून गिरणीवाल्यांना विकत. म्हणजे त्यांना शोधणारी सत्ता एकीकडे आणि त्यांचा माल घेणारा व्यापारी दुसरीकडे. मळ्यांवरचे भाईबंद त्यांना धान्य आणि बातम्या पुरवत. 19 जून 1784 रोजी सान मालोला न्यू ऑर्लिन्समध्ये फाशी दिलं. बोटीत बसल्यावर त्या झाडीकडे बघून विचार करा, रात्री इथं चालत यायला माणसाला मागे काय सोडावंसं वाटलं असेल.

कुणीतरी ऊसतोडीबद्दल विचारणारच. उचल घेऊन अडकलेला माणूस आणि बाजारात विकला जाणारा माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुलना मी करणार नाही. पण तो प्रश्न इथं बसून तुमच्या मनात आला, याचं मला बरं वाटतं.

गुलामांनी नदीला घातलेले तेच बांध पुढे उंचावत गेले. नदी कोंडली गेली, दलदलीला गाळ मिळेना. त्यात तेलकंपन्यांनी खणलेले कालवे. 1932 पासून लुइझियानाच्या किनाऱ्यावरची सुमारे 1900 चौरस मैल जमीन पाण्याखाली गेली, अख्ख्या गोव्यापेक्षा जास्त.

जायचं तर ऑक्टोबरात जा. ऊसतोड सुरू झालेली असते, उकाडा कमी झालेला असतो आणि अ‍ॅलिगेटर अजून थंडीनं सुस्तावलेले नसतात. फुल बाह्यांचा शर्ट न्या, डास भयंकर आहेत. आणि मळा सकाळीच बघा, दुपारी तिथं ऊन सोसत नाही. आता दिवे घालवा, स्लाइड्स बघू.