एका लहरीवर आठ जण

नमस्कार श्रोतेहो. रेडिओशेजारी साधा बटणांचा मोबाइल ठेवला, की फोन वाजण्याआधीच रेडिओतून टर्र-टर्र ऐकू येतं. रेडिओ बिघडलेला नसतो. आठ जणांनी एकच लहर वाटून घेतलेली असते, त्या वाटणीचा हा आवाज.

टू-जीची, म्हणजे जीएसएमची, एक वाहिनी 200 किलोहर्ट्झ रुंद. तिच्यावर सुमारे 4.6 मिलिसेकंदांची एक फेरी चालते. फेरीचे आठ भाग, प्रत्येक भाग 577 मायक्रोसेकंदांचा. आपल्या भागात फोनने पाठवायचं, उरलेले सात भाग गप्प राहायचं. म्हणजे बोलणं चालू असताना प्रक्षेपण सेकंदाला सुमारे 217 वेळा चालू-बंद होतं. हेच झटके रेडिओतल्या तारा पकडतात.

मग बोलणं तुटक का येत नाही? फोन 20 मिलिसेकंदांचा आवाज 260 बिटांत बसवतो. चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून जादा बिट घालून त्यांचे 456 करतो आणि ते आठ फेऱ्यांत विखरून पाठवतो. एखादा तुकडा खराब झाला तरी शब्द वाचतो. लागोपाठ बरेच गेले, की आवाज चिरकतो.

खरी अडचण अंतराची. रेडिओलहर मायक्रोसेकंदाला 300 मीटर जाते. दोन फोनांच्या पाळ्यांमध्ये मोकळी जागा जेमतेम 30 मायक्रोसेकंदांची. लांबच्या फोनचा संदेश उशिरा पोचून पुढच्याच्या पाळीत घुसेल. म्हणून टॉवर उशीर मोजतो आणि फोनला ‘इतकं आधी सुरू कर’ असं सांगतो. या आकड्याची मजल 0 ते 63, एक पायरी सुमारे 550 मीटरची. हिशोब 35 किलोमीटरला संपतो. उघड्या समुद्रावर लहर त्याहून दूर पोचते, होडीतल्या फोनवर सिग्नलच्या कांड्याही दिसतात, पण फोन लागत नाही. दोन-दोन भाग एकेका फोनला देऊन ही हद्द वाढवता येते, मात्र मग आठांऐवजी चारांचीच सोय होते.

आठातला एक भाग टॉवरच्या पहिल्या वाहिनीवर सूचनांसाठीच जातो. जत्रेत ‘नेटवर्क व्यस्त’ ऐकू येतं, तेव्हा कांड्या पूर्ण असतात, पाळी रिकामी नसते. अशा वेळी एसएमएस पाठवून पाहा. तो सहसा सूचनांच्या वाटेनं जातो, त्याला बोलण्याची पाळी लागत नाही.

आणि रेडिओतली टरटर? फोन दोन-तीन फूट लांब ठेवा.