माती चाळणारे पाहुणे

नमस्कार श्रोतेहो.

काळुंदर म्हटलं की आपल्याला रवा आणि तवा आठवतो. खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या खारजमिनीतल्या, मानशीपाशी (पाण्याच्या झडपेपाशी) सापडणारा हा मासा सिक्लिड कुळातला. या कुळातल्या मूळच्या भारतीय जाती तीनच. बाकीचा मोठा गोतावळा आफ्रिकेत आणि दक्षिण अमेरिकेत. त्यातल्या ॲमेझॉन, ओरिनोको खोऱ्यांतल्या एका नातलगाबद्दल आज बोलायचंय. नाव जिओफॅगस, म्हणजे माती खाणारा. हेकेल या शास्त्रज्ञाने 1840 मध्ये हे नाव दिलं. खरं तर तो माती खात नाही, चाळतो. वाळूचा घास तोंडात घेतो, त्यातला किडा-कण ठेवतो आणि उरलेली वाळू कल्ल्यांतून सोडून देतो. आमच्या आजीचं सूप आठवावं, तसं दिवसभर चाललेलं असतं.

तेव्हा हा मासा घरच्या काचेच्या टाकीत पाळायचा तर आधी वाळू बघायची. मी सुरुवातीला दुकानातले रंगीत खडे घातले होते. मासे खडा उचलायचे, टाकायचे, आणि कोपऱ्यात गप्प उभे राहायचे. धारदार खड्यांनी कल्ले दुखावतात, हे मागाहून कळलं. मग वाटेल, गोव्यात काय वाळूला तोटा? मिरामारची पिशवीभर आणू! ती रेंव नको. तिच्यात शिंपल्यांचा चुरा असतो, त्याने पाणी जड होतं आणि यांना लागतं मऊ, म्हणजे कमी क्षारांचं पाणी. बांधकामाची बारीक, गुळगुळीत वाळू चाळून, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. दोन इंचांचा थर पुरे.

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊच असतं. खाजनाजवळच्या विहिरीचं पाणी मात्र खारट नाही ना, ते आधी चाखून बघा. 26 ते 30 अंश तापमान यांना मानवतं, म्हणून हीटरचा खर्च आपल्याला जवळजवळ नाहीच. टाकी निदान चार फुटी, मासे पाच-सहा. एकटा ठेवला तर बुजतो. दर आठवड्याला तिसरा हिस्सा पाणी बदला. पाणी घाण राहिलं तर माशांच्या डोक्यावर खड्डे पडतात. पावसाळ्यात वीज गेली की फिल्टर बंद, तेव्हा बॅटरीवरचा हवेचा पंप हाताशी हवाच.

काही जाती अंडी घालताच ती तोंडात घेतात, काही पिल्लं फुटल्यावर. धोका दिसला की सगळी पिल्लं आईच्या तोंडात! आमच्या शेजारणीने ते पाहून घाबरून हाक मारली होती, "अहो, खाल्ली हो हिने पोरं!"

मासे डोईजड झाले तर दुकानदाराला परत द्या, ओढ्यात किंवा तळीत सोडू नका. तिथे आपला काळुंदर आहे.