बारा मिनिटांची टेप

आधी हे ऐका.

जास्त वेळ जी बोलतेय ना, ती मी. मधेमधे जी "हूं", "हो" करतेय ती आमच्या बॅचमधली मुलगी, ती इथे पेशंट झालीये, तीन महिने झोप नाही म्हणून आलेली बाई. मी काउन्सेलिंग शिकतेय, त्या ट्रेनिंगमध्ये ह्याला रोल प्ले म्हणतात. टेप बारा मिनिटांची आहे. मी घरी येऊन घड्याळ लावून मोजलं, ती बोलली पावणेचार मिनिटं आणि मी सव्वा आठ. त्या सव्वा आठ मिनिटांत मी तिला सांगितलं की रात्री दुधात जायफळ घालून पी, मोबाईल लांब ठेव, सासूचं मनावर घेऊ नकोस, देवळात एकदा कौल लावून बघ, आणि माझ्या मावशीचं पण अगदी असंच झालेलं. मावशीची पूर्ण गोष्ट आहे टेपवर, तिच्या दोन्ही ऑपरेशनांसकट.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी टेप बंद केली आणि एवढंच विचारलं, "ताई, हिला झोप का येत नाही ते कळलं का?"

नव्हतं कळलं. मी विचारलंच नव्हतं.

माझं वय ४४. हे जे घर दिसतंय ते गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं, मागे जी लाल माती दिसते ती लोखंडाच्या खाणीची. मी पंधरा वर्षं ट्रकांच्या ऑफिसात हिशेब बघायचे. कुठल्या ट्रकाने किती ट्रिपा मारल्या, डिझेल किती घेतलं, बिल किती झालं. खाणीवरून माल जेटीवर, तिथून बार्जमधून खाली मुरगावला, आणि आमच्याकडे त्या सगळ्याचा कागद. मग २०१२ ला खाणी बंद पडल्या, मधे थोड्या चालू झाल्या, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने खाणींच्या ८८ लीजांचं नूतनीकरण रद्द केलं, मार्चच्या मध्यावर सगळं परत थांबलं. कोर्टाचं बरोबर की चूक तो वाद इथे नको, आमच्याच घरात त्यावरून दोन पक्ष आहेत.

पण ऑफिस बंद व्हायच्या आधी काही महिने असं व्हायचं की काम नसताना पण ट्रकवाले यायचे. एक जण रोज दुपारी अडीचला यायचा, चावी टेबलावर ठेवायचा, पंख्याखाली बसायचा आणि साडेतीनला चावी उचलून जायचा. बँकेचा हप्ता होता डोक्यावर. मी त्याला चहा द्यायचे आणि सांगायचे होईल रे सगळं बरं, असं मनाला लावून घेऊ नकोस. तो मान हलवायचा. पुढे त्याचं काय झालं ते मी इथे सांगणार नाही, त्याच्या घरची माणसं हे बघतील. एवढंच सांगते की तेव्हा मला नीट ऐकता येत असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

तर मी शिकायचं ठरवलं. आणि इथून गोंधळ सुरू.

पहिली चूक म्हणजे दोन वीकेंडमध्ये काउन्सेलर बनवणारा एक ऑनलाईन कोर्स. नाव सांगत नाही. सहा हजार रुपये गेले, शेवटी पीडीएफ सर्टिफिकेट आलं त्यावर माझं आडनाव चुकीचं होतं. त्यात काय शिकवलं तर पॉझिटिव्ह राहा. ते तर मी फुकटात सांगत होते ट्रकवाल्यांना.

मग डिस्टन्सने एमए सायकॉलॉजी. मी बीकॉम, पण इग्नूला, म्हणजे त्या सरकारी मुक्त विद्यापीठाला, ग्रॅज्युएशन कुठलंही चालायचं, त्यामुळे माझ्यासारख्या शेकड्याने बायका त्याच वाटेने गेल्या, नोकरी सांभाळून, रात्री भांडी घासून झाल्यावर असाइनमेंट लिहून. माझी मुलगी तेव्हा सातवीत होती, ती माझं स्पेलिंग तपासायची आणि फार माज करायची. मला तीन वर्षं लागली. आता ती वाट बंद आहे, २०२५ मध्ये यूजीसीने, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख करणाऱ्या आयोगाने, सांगितलं की सायकॉलॉजी यापुढे डिस्टन्स किंवा ऑनलाईन शिकवायची नाही, त्याच वर्षीच्या नव्या ॲडमिशनपासून. कारण हा विषय आता २०२१ च्या अलाईड हेल्थकेअर कायद्याखाली येतो. कारण मला पटतं, माणसं सांभाळायला पोस्टाने कसं शिकवणार. पण वाळपईच्या पलीकडच्या गावातली दोन पोरांची आई रोज कॉलेजात कशी बसेल ते पण कोणीतरी सांगा.

आणि एमए झालं म्हणजे काय झालं, तर क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही झालं. त्यासाठी रिहॅबिलिटेशन कौन्सिलच्या, म्हणजे आरसीआयच्या रजिस्टरमध्ये नाव लागायला लागतं, आणि माझ्या वेळी त्याची वाट म्हणजे एमएनंतर आणखी दोन वर्षं फुल टाईम एमफिल. सायकिअॅट्रिस्ट म्हणजे तर एमबीबीएस करून पुढे शिकलेला डॉक्टर, औषध डॉक्टरच देणार. हे मी मुद्दाम सांगतेय कारण आमच्या वाड्यावर लोक मला "डॉक्टरीण" म्हणायला लागले होते आणि मला ते थोडं आवडत पण होतं. मॅडमनी पहिल्याच दिवशी ती हौस उतरवली.

हे बांबोळी, पणजीच्या जवळ. इथे आयपीएचबी आहे, मानसोपचाराचं सरकारी हॉस्पिटल. पूर्वी पणजीला आल्तिन्याच्या टेकडीवर होतं, आणि तेव्हा त्याला आबे फारियाचं नाव होतं. फारियाचा पुतळा तुम्ही बघितलाच असणार, जुन्या सचिवालयाच्या बाजूला, मांडवीच्या काठावर. कांदोळीत १७५६ ला जन्मलेला पाद्री, पॅरिसला जाऊन संमोहन करायचा, आणि त्या काळात सगळे म्हणत होते की हे चुंबकाच्या शक्तीने होतं, तर हा म्हणाला शक्तीबिक्ती काही नाही, जे होतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनातून होतं. विचार भारी आहे. पुतळा मात्र उलटंच सांगतो, हा हात पसरून उभा, झगा उडतोय, आणि बाई खाली कोसळतेय. मी दर वेळी तिथून जाताना मनात म्हणते, पाद्री बाब, हात खाली घ्या, खुर्ची ओढा, बसा आणि तिला बोलू द्या.

आता गोव्यात आणखी एक गोष्ट झाली ती बाहेर जास्त माहिती आहे आणि इथे कमी. संगथ नावाची संस्था आहे, १९९६ पासूनची. त्यांनी काय केलं, मानसोपचाराची कसलीच डिग्री नसलेली इथलीच माणसं घेतली, त्यांना शिकवलं, आणि गोव्यातल्या १० प्रायमरी हेल्थ सेंटरांत बसवलं. जबर डिप्रेशन असलेले ४९५ पेशंट. अर्ध्यांना डॉक्टरांची नेहमीची ट्रीटमेंट, अर्ध्यांना ती ट्रीटमेंट अधिक ह्या काउन्सेलरबरोबर सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी बघितलं तर काउन्सेलरवाल्या गटात शंभरातले ६४ जण डिप्रेशनच्या बाहेर आलेले, नुसत्या नेहमीच्या ट्रीटमेंटवाल्यांत ३९. हे २०१७ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरांच्या नावाजलेल्या मासिकात छापून आलं. हा आकडा ऐकून आमच्या वर्गात सगळ्यांची छाती फुगली. मी हिशेबातली बाई, मी लगेच मोजलं की म्हणजे ३६ जण नाही आले बाहेर. मॅडम म्हणाल्या, बरोबर, ते ३६ पण तुमच्यासमोर बसणार आहेत, ते लक्षात ठेवा.

त्या भेटींत नेमकं करायचं काय? बघा, ह्यात जादू शून्य आहे. माणूस खचला की एकेक गोष्ट सोडत जातो, आणि सोडली की आणखी खचतो, म्हणून आणखी सोडतो. मग उलट्या टोकाने सुरू करायचं. बरं वाटलं की करेन असं न म्हणता आधी एक छोटी गोष्ट करायची, कागदावर लिहायची, कधी केली, नंतर कसं वाटलं. एक बाई होत्या, आता मी सगळं बदलून सांगतेय त्यामुळे कोणी ओळखायचा प्रयत्न करू नका, त्या आधी अंगणात अबोली लावायच्या, वळेसर, म्हणजे गजरे, करून शेजारी द्यायच्या. सगळं सुकलेलं. पहिल्या आठवड्याचं काम काय तर सकाळी एका कुंडीला एक तांब्या पाणी. एकाच कुंडीला. मला वाटलं हे काय, मी म्हटलं निदान चार कुंड्या तरी. मॅडम म्हणाल्या, चार जमल्या नाहीत तर ती पुढच्या आठवड्यात येणारच नाही.

कोणी "मला डिप्रेशन आहे" म्हणत येत नाही, हे पण शिकायला लागलं. येतात ते "न्हीद येना", "तकली दुखता", "जेवण गोड लागना" घेऊन, म्हणजे झोप नाही, डोकं दुखतं, जेवण गोड लागत नाही. मग आपल्याकडे नऊ प्रश्नांचा कागद असतो, पीएचक्यू-नाईन, गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं वाटलं, शून्य ते तीन मार्क, सगळे मिळून २७. आठ प्रश्न ठीक आहेत. नववा मरणाच्या विचारांचा. पहिल्यांदा विचारताना माझा आवाज एवढा खाली गेला की समोरची म्हणाली, "कितें म्हणलें गो?" परत विचारायला लागलं. आपल्याला वाटतं विचारलं तर तिच्या डोक्यात घुसेल. तसं होत नाही, हे खूप वेळा तपासलेलं आहे, उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. आणि उत्तर हो आलं तर एकट्याने हिरोगिरी करायची नाही, त्याच दिवशी सुपरवायझरला फोन, डॉक्टरला गाठायचं. रात्री-बेरात्री काही वाटलं तर टेली मानस ह्या सरकारी हेल्पलाईनचा १४४१६ आहे, फुकट आहे, हा नंबर आम्ही खाली पट्टीवर ठेवलाय तो शेवटपर्यंत राहील.

दारूचा कागद वेगळा. तो डब्ल्यूएचओचा, दहा प्रश्न. पण तो बनवणाऱ्याला उर्राकाचा, म्हणजे काजूच्या हलक्या दारूचा, सीझन माहीत नसणार. एप्रिलमध्ये कोणाला विचारा किती पिता, तर म्हणतो पीत नाही, फक्त उर्राक. मग कुठला ग्लास, केवढा ग्लास, लिम्का किती, हे हाताने दाखवून मोजायला लागतं. ह्या बाबतीत मात्र ट्रिपा मोजण्याचा अनुभव उपयोगी पडला बरं का. "दोन पेग" म्हणजे नक्की किती हे मी ट्रकवाल्यांकडूनच शिकलेले.

सगळ्यात कठीण काय ते कोणी विचारलं तर मी सांगेन, गोवा छोटा आहे. २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाख माणसं, आणि त्यातली निम्मी आपल्या नात्यातली वाटतात. मी सेंटरवर एका मुलीला भेटले, शनिवारी कदंबाच्या, म्हणजे सरकारी, बसमध्ये तिची सासू माझ्या बाजूला बसली. "आमची सून तुझ्याकडे येते ना गो? काय सांगते?" आता वयाने मोठी बाई, चवथीला एकमेकींकडे जाणं-येणं, काय उत्तर देणार. मी म्हटलं काकी, माझ्याकडे कोण येतं ते मी माझ्या नवऱ्याला पण सांगत नाही. ती साखळीपर्यंत बोलली नाही माझ्याशी. मी वीस वर्षांची मुलगी असते तर कदाचित घाबरून काहीतरी बोलून गेले असते, की उलट मला कोणी विचारलंच नसतं, माहीत नाही.

वयाचं हे असं दोन्ही बाजूंनी आहे. बॅचमध्ये आम्ही नऊ जण, मी सगळ्यात मोठी, मॅडम माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान. पुस्तकातलं त्या पोरींना एकदा वाचून येतं, मला चारदा वाचायला लागतं. पण समोरच्या बाईने "घरात सगळं ठीक आहे" म्हटलं की तिचा अंगठा साडीच्या काठावर कसा फिरतो ते मला आधी दिसतं. फक्त दिसलं की लगेच तोंड उघडतं, ही अडचण. चाळीस वर्षं आपल्याला शहाणी म्हटलं ते सल्ला दिला म्हणून, आणि इथे म्हणतात तो गिळ. माझ्या वहीत पहिल्या पानावर मी मोठ्या अक्षरात लिहिलंय, "जायफळ नको."

दर सोमवारी ग्रुप बसतो. एकाची टेप लागते, पेशंटची परवानगी घेऊन केलेली, नाव-गाव काढलेली, आणि बाकीचे सगळे मार्क देतात. सुपरवायझर एकटा नाही देत, आपल्यासारखेच शिकणारे देतात. आधी मला अपमान वाटायचा, बावीस वर्षांची पोरगी मला दहातले चार देते म्हणजे काय. आता मीच टेप घेऊन पुढे बसते.

गेल्या सोमवारी परत माझी होती. ती तुम्हाला ऐकवता येणार नाही, ती खऱ्या माणसाची आहे, म्हणून स्क्रीनवर फक्त घड्याळ दिसतंय. अठ्ठावीस मिनिटं. मी बोलले सहा. चौदाव्या मिनिटाला एक मोठी शांतता आहे, मी नंतर मोजली, तेवीस सेकंद. त्यात खिडकीबाहेर पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, पों पों ऐकू येतो, आणि मी हात खुर्चीखाली धरून बसलेले ते मला आठवतंय. मग ती बोलायला लागली ती नऊ मिनिटं थांबली नाही.

ग्रुपने बरे मार्क दिले. एक कापला. शेवटी, ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा, टेप चालूच होती, आणि त्यावर मी स्पष्ट म्हणतेय, "काळजी करू नको गो, देव बघून घेईल. आणि रात्री दूध पी."