टाकीचा सातबारा

(ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘जुन्या सामानातून खाऱ्या पाण्याची रीफ टाकी’. रीफ म्हणजे प्रवाळांची वसाहत, तीच छोट्या रूपात घरच्या टाकीत. काच, पंप, मीठ, पाणी, सगळं क्रमानं सांगणार आहे. पण त्याआधी मला एक आग्रह मांडायचाय. भेटेल त्याच्यापाशी मी तो धरत असते आणि आज एवढी सगळी माणसं एकदम समोर सापडली आहेत, तेव्हा ऐकून घ्या.

जमीन घेताना आपण सातबारा बघतो. कोणाच्या नावावर आहे, पीक कोणतं घेतलं, बोजा आहे का, फेरफार कधी झाले. स्कूटर घेतली तरी आरसी बघतो. आणि ज्या टाकीत पुढे जिवंत प्रवाळ ठेवायचं, ती मात्र मोबाइलवर फोटो बघून उचलतो. माझं म्हणणं असं की वापरलेली टाकी विकली गेली की तिच्याबरोबर तिचा सातबारा गेलाच पाहिजे. म्हणजे एक शंभरपानी वही. तीत काय लिहायचं ते सांगते, पण ही वही का हवी, ते आधी ऐका.

खारघरच्या एका गृहस्थांची बदली झाली होती, त्यांना टाकी काढायची होती. तीन बाय दीड बाय दीड फूट, म्हणजे १९० लिटरच्या आसपास. दहा मिलिमीटरची काच, खाली संप म्हणजे गाळणीची दुसरी टाकी, पाण्यातली घाण फेसावाटे काढणारा स्किमर, पाणी हलतं ठेवणारे दोन वेव्हमेकर, वीसेक किलो दगड आणि वाळू. नवं घ्यायचं तर मला जमणारं नव्हतं. माझं अर्धं आयुष्य अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवण्यात गेलं, पेन्शनीत हा छंद बसवायचा तर सामान जुनंच घ्यावं लागतं, आणि त्यात काही कमीपणा नाही. मी आणि माझा भाचा टेम्पो घेऊन गेलो. दगड त्यांच्याच टाकीच्या पाण्यात भिजवलेल्या वर्तमानपत्रांत गुंडाळून थर्माकोलच्या पेट्यांत भरले, कारण दगडातले जिवाणू वाटेत जगले तर सायकल लवकर होते. सायकल म्हणजे माशांच्या घाणीतलं अमोनिया-नायट्राइट पचवणारे जिवाणू टाकीत पुरेसे बसणं. ठाणे-बेलापूर रोडला दोन तास अडकलो. मी दर दहा मिनिटांनी मागे जाऊन पेटीत हात घालून कागद ओला आहे का ते बघत होते. टाकी लिफ्टमध्ये मावेना. चार मजले जिन्यानं चढवली, प्रत्येक वळणावर टेम्पोवाले दादा म्हणायचे, ‘सावकाश, काच आहे, काच आहे.’

तीन आठवड्यांत अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. क्लाऊनफिशची जोडी आणली. दोन महिने मासे ठणठणीत, हातातून खायला लागले. मग मी काचेवरचं शेवाळ खायला सहा टर्बो गोगलगाई आणल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर सहाही वाळूवर उताण्या. एक उचलून काचेला लावली. शंखातून पाय बाहेर आला, काचेला टेकला, त्याची कड थोडी पसरली आणि सुटली. पुन्हा लावली, पुन्हा सुटली. पकड घ्यायची ताकदच नव्हती तिच्यात. मी खारटपणा मोजला, हजारी ३५. तापमान २६. नायट्रेट बेताचं. वाटलं, पाण्याची सवय करून देण्यात घाई झाली असेल. पुढच्या चार आणल्या तेव्हा बारीक नळीनं थेंब थेंब पाणी देत दोन तास बसले. तिसऱ्या दिवशी त्याही गेल्या. मग एका स्नेह्यांनी झेनिया या मऊ प्रवाळाचा तुकडा दिला. झेनिया बघितलाय ना? बोटं उघडतात, मिटतात, एकसारखी लय. माझ्याकडे आल्यावर एकदाही उघडला नाही. आठवड्यात वितळून गेला.

शेवटी खारघरच्या त्या नंबरवर फोन केला. मुलानं उचलला. मी विचारलं, माशांना कधी औषध दिलं होतंत का? म्हणाला, ‘हो काकू, पांढरे ठिपके आले की बाबा निळं औषध टाकायचे.’ निळं औषध दोन प्रकारचं असू शकतं. म्हणून मी विचारलं, शाईसारखं गडद की आकाशी? तो म्हणाला, ‘आकाशी.’ शाईसारखं म्हणाला असता तर मिथिलीन ब्लू. आकाशी म्हणजे तांबं. कॉपर सल्फेट, आपलं मोरचूद. नाशिककडचे द्राक्षबागाईतदार चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात आणि केवडा रोगावर फवारतात, तेच. ते बुरशीला मारतं, परजीवींना मारतं आणि मोजून दिलं तर मासा ते सोसतो. गोगलगाई, कोळंबी, प्रवाळ यांना ते सोसत नाही. मी विचारलं, ‘बाळा, किती वेळा टाकलं?’ म्हणाला, ‘आठवत नाही हो काकू.’

ते ‘आठवत नाही’ माझ्या कानात अजून आहे. त्या गृहस्थांवर माझा राग नाही. मासे आजारी पडले, त्यांनी जीव तोडून इलाज केला. पण कुठे लिहिलं नाही. आणि रीफचा दगड म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, सगळा सच्छिद्र. तांबं त्यावर बसतं आणि महिनोन् महिने थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. काचेचं सिलिकॉन तांबं धरून ठेवतं की नाही यावर शौकिनांत वाद आहेत. दगड आणि वाळूबद्दल वाद नाही. मासे टबात हलवले आणि जो दगड मी ओल्या कागदात जपून आणला, तो सगळा टाकून दिला. काच आम्लानं धुतली, नवं पाणी भरल्यावर तांबं ओढून घेणारं रेझिन लावलं आणि तांब्याच्या टेस्ट किटवर शून्य दिसेपर्यंत काही घातलं नाही. चार महिने गेले. दहा जीव गेले आणि तो झेनिया. वहीतली एक ओळ असती तर वाचले असते.

म्हणून वही. पहिल्या पानावर टाकी कधी, कोणाकडून घेतली. मग प्रत्येक औषध, तारीख आणि मात्रा. औषध वेगळ्या टबात दिलं की मुख्य टाकीत, हे ठळक लिहा, हाच टाकीवरचा बोजा. दगड कुठून आला, किती जुना. पंप कधी बदलला. कोणते जीव मेले आणि कशानं. मेलेल्यांची नोंद लोक करत नाहीत, वाईट वाटतं म्हणून. पण पुढच्या माणसाला तीच नोंद सगळ्यांत जास्त उपयोगी पडते. टाकी विकली की त्याच वहीत फेरफार करायचा, नवं नाव, नवी तारीख.

आणि प्रवाळ कुठून आलं, त्याची पावती वहीला चिकटवा. हे आवर्जून सांगते, कारण मालवणहून येताना कोणी तरी पिशवीत दगड घालून आणतंच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात २००१ पासून सगळी दगडी प्रवाळं पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघ ज्या यादीत आहे, त्याच यादीत. समुद्रघोडेही त्यातच. किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा उचलणं हाही गुन्हाच. मुलांना हे लहानपणीच सांगायला हवं. क्लाऊनफिश घेतलेत तर पैदास केलेलेच मागा. आपल्या ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रात त्यांच्या पैदाशीचं काम झालेलं आहे, लांब जायला नको.

आणखी एक प्रश्न मला दर वेळी येतो, आजही चिठ्ठीवर आलाय: ‘ठाण्याला खाडी आहे, मग मीठ विकत कशाला?’ प्रश्न चांगला आहे. आपल्या खाडीला २०२२ मध्ये रामसर दर्जा, म्हणजे महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून आंतरराष्ट्रीय मान मिळाला, मला तिचा फार अभिमान आहे. पण फ्लेमिंगो जिथे पोट भरतो ते पाणी गाळाचं, शेवाळाचं, पोषकद्रव्यांनी भरलेलं. त्याला तेच हवं. प्रवाळ वाढतं ते नितळ, जवळजवळ उपाशी पाण्यात. शिवाय पावसाळ्यात खाडीचा खारटपणा पार उतरतो आणि शहराचं सांडपाणी त्यात येतं ते वेगळंच. तेव्हा मीठ विकतचं. घरात वीस किलोची बादली आली की ‘लोणचं किती घालणार आहात?’ असं शेजारीण विचारते. हसताय, म्हणजे तुमच्याकडेही विचारलंय!

(इथे संयोजकांनी वेळेची चिठ्ठी दिली.)

दहा मिनिटं उरलीत. बरं, मग आता भराभर. ज्यांना लिहून घ्यायचंय त्यांनी घ्या.

टाकी बघायला जाताना दिवसाउजेडी जा. सिलिकॉनच्या जोडावर नख दाबा. कडक झालं असेल, सुटत असेल, आत बुडबुडे दिसत असतील तर जोड नव्यानं भरावे लागतील, तेवढे पैसे कमी करून मागा. घरी आणल्यावर खाली वर्तमानपत्र पसरून ४८ तास भरून ठेवा, कागदावर एक थेंबही लपत नाही. माझ्या टाकीचं वजन पाणी, दगड, काच धरून तीनशे किलोच्या आसपास जातं, तेव्हा खोलीच्या मधोमध नको, तुळईजवळ, भिंतीलगत ठेवा.

पंप, स्किमर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर बुडवा, सगळा चुना सुटतो. मग इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरतं चक्र, काढून त्याचं चुंबक बघा. वेष्टणाला चीर असेल, गंज दिसत असेल तर तो इम्पेलर टाकून द्या, मोह करू नका. चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यायचा तर आतली कॉइल टायटॅनियमची आहे का, हे विचाराच. गोड्या पाण्याचा चिलर तांब्याच्या कॉइलचा निघाला तर माझीच गोष्ट पुन्हा घडेल. चिलर नसेल तर पंख्यानं पाणी दोन-तीन अंश उतरतं, पण आपल्याकडे पावसाळी दमट हवेत त्याचा गुण कमी येतो. जुने घेऊच नका असं काय? आरओचा मेम्ब्रेन, रेझिन, हीटर, टी-फाइव्ह दिव्याच्या नळ्या, मुदत संपलेले टेस्ट किट.

विजेला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, लावा. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर घ्या म्हणजे थेंब सॉकेटमध्ये जात नाही. आणि पहिल्याच दिवशी मेन स्विच मुद्दाम बंद करून बघा. टाकीतून जेवढं पाणी खाली उतरतं ते संपात मावलं पाहिजे. पावसात रात्री वीज जाते तेव्हा हे कळलं तर पाणी खालच्या मजल्यावर पोचलेलं असतं.

पाणी आरओ-डीआयचं, म्हणजे आरओनंतर रेझिनमधूनही गाळलेलं, टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. नळाचं नको, नवी मुंबईच्या मोरबे धरणाचं कितीही चांगलं असलं तरी. आरओचं वाया जाणारं पाणी लादीला वापरा. लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, वेगळ्या पिंपात कालवून रात्रभर फिरवत ठेवायचं, विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर जुना चालतो, पण ३५ च्या प्रमाण द्रावणावर लावून घ्या. सायकलला चार ते सहा आठवडे. जुना दगड असेल तर आधी तांब्याची आणि फॉस्फेटची चाचणी, मगच टाकीत.

शेवटचं, आणि हे मला सांगितल्याशिवाय जाववणार नाही. रोज जे पाणी उडतं ते नुसतं पाणी असतं, मीठ मागेच राहतं. म्हणून भर घालायची ती आरओच्या पाण्याची, खाऱ्या नव्हे. आणि प्रवाळ वाढायला लागलं की त्या पाण्यात शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घालायचं. जगभरचे रीफवाले याला जर्मन नावानं ओळखतात, काल्कवासर. आपल्या आज्या त्याला चुन्याची निवळी म्हणायच्या. पोरांचे दात यायला लागले की चमचाभर पाजायच्या ना, तीच! चुना घालायचा, ढवळायचा, तळाशी बसू द्यायचा आणि वरचं नितळ तेवढं घ्यायचं. पानाच्या डबीतला चुना नको, त्यात काय काय असतं. रात्री थेंब थेंब सोडा, एकदम ओतलं तर पीएच उसळी मारतो.

घंटा झाली. प्रश्न चहाच्या वेळी विचारा. दाराशी टेबलावर वह्या ठेवल्यात, पहिल्या पानावर रकाने मी आखून दिलेत. ज्यांनी टाकी विकायला काढली आहे त्यांनी आधी घ्या, आणि औषधाचा रकाना आज रात्रीच भरा, आठवतंय तोवर.