उरलेल्या औषधांचं काय करायचं?

(वाशीत ज्येष्ठ नागरिकांपुढे झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. इथे बसलेल्या प्रत्येकाच्या घरी औषधांचा एक डबा आहे, हे मी न बघता सांगते. बहुतेक श्रीखंडाचाच. माना डोलताहेत, म्हणजे बरोबर आहे! त्यातली निम्मी औषधं चालू असतात, बाकीची ‘असू देत, लागतील’ म्हणून ठेवलेली. मी नोकरीभर रुग्णालयाच्या औषधालयात होते. त्या ‘असू देत’बद्दल आज बोलायचं आहे आणि सोसायटीत ही औषधं गोळा कशी करायची तेही सांगायचं आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई ऐरोलीला असतात. भाऊजी कॅन्सरने गेले, शेवटचे काही महिने घरीच होते. दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी त्यांचं कपाट आवरायला बसलो. रक्तदाबाच्या गोळ्या, उलटीच्या गोळ्या, अर्धवट कापलेल्या स्ट्रिपा, इन्सुलिनची पेनं. आणि वेदनेसाठी डॉक्टरांनी दिलेले फेंटानिलचे पॅच, म्हणजे अफूसारख्या जोरदार वेदनाशामकाच्या अंगाला चिकटवायच्या पट्ट्या, न उघडलेले. जाऊबाई म्हणाल्या, “एवढ्या पैशांची औषधं, कुणा गरिबाच्या तरी कामी येतील.” मी कापलेली स्ट्रिप त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, यावर मुदतीची तारीख शोधा. सापडेना. ती छापलेली असते एका टोकाला, आणि ते टोक कधीच कापून गेलेलं.

मग फोनाफोनी. केमिस्ट म्हणाला, परत घेता येत नाही. त्याच्यावर माझा राग नाही. कंपनी परत घेते तो त्याच्या दुकानातला, बिलावरचा माल. तुमच्या घरी ती स्ट्रिप ओट्यावर उन्हात होती की कपाटात, हे त्याला काय ठाऊक? ज्या रुग्णालयात उपचार झाले तिथून उत्तर आलं, “घरच्या औषधांची आमच्याकडे सोय नाही, कचऱ्यात टाका.” याचा मात्र मला अजूनही राग येतो. वॉर्डात मुदत संपलेली गोळी पिवळ्या पिशवीतून थेट भट्टीत जाते. तीच गोळी घरी उरली, की भाजीच्या देठांबरोबर घंटागाडीत टाकायची?

हे चाललेलं असताना केरफरशीच्या मावशी आल्या. त्यांनी पॅचचा खोका उचलला. “वहिनी, हे पाठीला चिकटवायचं ना? माझी पाठ लई धरलीय. टाकणारच असाल तर मी नेते.” बघा, त्यांचं काय चुकलं? दिसायला ती कंबरदुखीची पट्टीच वाटते. पण फेंटानिलसारख्या औषधाची ज्याच्या शरीराला सवय नाही त्याचा श्वास बंद पडू शकतो. वापरून काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध शिल्लक असतं, ते रांगत्या मुलाच्या हाती लागलं तर काय होईल! मी मावशींना नीट समजावलं, पाठ डॉक्टरांना दाखवायचं ठरवलं आणि एकेक पॅच चिकट बाजू आत घेऊन दुमडून संडासात सोडला.

आता तुमच्यातले जाणकार म्हणतील, औषधं संडासात टाकायची नसतात. बरोबर, टाकायची नसतातच. हा अपवाद आहे. केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेने मे 2025 मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात 17 औषधांची यादी आहे. फेंटानिल, मॉर्फिन, ट्रॅमाडॉल, डायझेपाम वगैरे. ती चुकून कुणाच्या पोटात जाण्याचा धोका इतका मोठा, की फ्लश केलेली बरी. यादीबाहेरचं काहीही संडासात किंवा बेसिनमध्ये नको. आपली सांडपाणी केंद्रं मैला साफ करण्यासाठी बांधलेली आहेत. बरीचशी औषधं त्यातून तशीच पुढे खाडीत जातात. त्याच ठाणे खाडीला 2022 मध्ये रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला आणि फ्लेमिंगो बघायला आपण नातवंडांना घेऊन जातो.

गिधाडांचं आठवतं ना? जनावरांना डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक देत, मेलेलं जनावर गिधाडं खात आणि मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. पांढऱ्या पाठीची गिधाडं 99 टक्क्यांहून जास्त घटली, तेव्हा कुठे 2006 मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. ते काही फेकलेल्या गोळ्यांमुळे झालं नव्हतं, हे खरं. पण औषध एका शरीरातलं काम संपवून थांबत नाही, हे त्यातून कळतं.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत. मूळ विषय तर आता सुरू होतोय! भराभर सांगते.

मुदतबाह्य औषधं हा घरगुती घातक कचरा आहे, असं 2016 च्या घनकचरा नियमांतच लिहिलं होतं. दर 20 चौरस किलोमीटरला एक संकलन केंद्र स्थानिक स्वराज्य संस्थेने, म्हणजे आपल्याकडे महापालिकेने करायचं, हेही त्यातच होतं. त्या हिशेबाने नवी मुंबईत पाच-सहा तरी केंद्रं हवीत. घातक कचऱ्यावर प्रक्रिया करणारं सामाईक केंद्र इथून जवळ, तळोज्यात आहे. केरळमध्ये 2025 मध्ये कोळिकोडला घराघरातून औषधं गोळा करायला सुरुवात झाली. म्हणजे अशक्य काहीच नाही.

सोसायटीने उरलेल्या औषधांसाठी पेटी ठेवण्याआधी ती नेणार कोण, हे लेखी ठरवून घ्या. नाहीतर कार्यालयात ढीग साचेल आणि एक दिवस कुणीतरी तो जाळेल. स्ट्रिपचं प्लॅस्टिक जळलं की विषारी धूर होतो. पेटी कुलपाची हवी, कार्यालयाच्या आत, सावलीत. गोळ्या स्ट्रिपमध्येच राहू द्या, सिरपचं झाकण घट्ट लावा, औषधाच्या चिठ्ठीवरचं रुग्णाचं नाव खोडा. सुया जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत वेगळ्या. इन्हेलर वेगळे, कारण तापले की फुटतात. केमोच्या गोळ्या पेटीत नकोत, त्यांना 1200 अंशांहून जास्त तापमानाची भट्टी लागते. त्या वेगळ्या बांधून, वर औषधाचं नाव लिहून द्या. पेटी नेताना वजनाची पावती घ्या.

आणि मुळात कमी आणा. नवीन गोळी सुरू करताना डॉक्टरांना विचारा, आधी आठवड्याचीच घेतली तर चालेल का.

ही औषधं नेण्याची सोय करा, असा महापालिकेच्या विभाग कार्यालयाला द्यायच्या अर्जाचा मसुदा दाराजवळच्या टेबलावर आहे. सोसायटीच्या लेटरहेडवर उतरवून घ्या, सचिवांची सही आणि शिक्का घ्या, आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.