३८४ फॉर्म झाले... पण शाखा किती?

नमस्कार मंडळी. मागच्या व्हिडिओखालच्या कमेंट्स बघितल्यात का? "मॅडम ३८४ रिस्पॉन्सेस झाले, आता ॲनालिसिस करू ना?" पीएचडीसाठी सर्व्हे करणाऱ्यांचा हाच प्रश्न परत परत, आणि एकानं तर नुसतंच "३८४!!" लिहून ठेवलंय, लॉटरी लागल्यासारखं.

हा आकडा कुठून आला ते ठाऊक आहेच, क्रेजसी आणि मॉर्गन, सर्व्हेला किती माणसं घ्यायची ते सांगणारा त्यांचा १९७० चा तक्ता, पॉप्युलेशन दहा लाख तर सॅम्पल ३८४. आपल्याकडे मॅनेजमेंटच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, तो गणपतीसारखा आधी बसवतात. पण तो तक्ता सिम्पल रँडम सॅम्पलिंगसाठी आहे हो! म्हणजे चिठ्ठ्या टाकून एकेक माणूस सुटा उचललेला. आणि आपण काय करतो, ओळखीचा ब्रँच मॅनेजर गाठतो, चहा पितो, तीस फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवतो आणि "शुक्रवारी येते" सांगून निघतो. मीही हेच केलंय, म्हणून बोलतेय.



शितावरून भाताची परीक्षा, ही म्हण का चालते? कारण एका पातेल्यातली शितं सारखीच शिजतात, एक दाबलं की कळलं. मग त्याच पातेल्यातली बत्तीस दाबून जास्तीचं काय कळणार? बारा पातेली, प्रत्येकातली बत्तीस शितं, झाली की ३८४, पण बघितली बाराच पातेली. एका शाखेतली माणसं एकाच साहेबाखाली, एकाच टार्गेटखाली, एकाच बंद पडलेल्या एसीखाली बसतात, त्यांची उत्तरं एकमेकांसारखी होणारच.

आता हेच आकड्यात. आयसीसी (इंट्राक्लास कोरिलेशन) म्हणजे उत्तरांमधल्या एकूण फरकातला शाखा-शाखांमधला हिस्सा. समजा तो ०.१० आला. किरकोळ वाटतो ना? आता डिझाइन इफेक्ट काढा, म्हणजे गटागटानं माणसं घेतल्यानं सॅम्पल किती पट पातळ झालं ते, गटातल्या माणसांमधून एक वजा करा, आयसीसीनं गुणा, त्यात एक मिळवा. ३१ गुणिले ०.१०, अधिक एक, ४.१. आता ३८४ ला ४.१ नं भागा, उरले साधारण ९४! तेच ३८४ जर ९६ शाखांमधून चार-चार घेतले असते तर डिझाइन इफेक्ट १.३ आणि हातात २९५. फॉर्म तेवढेच, झेरॉक्सचं बिल तेवढंच, चपला जास्त झिजल्या असत्या इतकंच.

अजून नाही पटलं? विषय घ्या, "मॅनेजरच्या नेतृत्वशैलीचा कर्मचाऱ्यांच्या समाधानावर परिणाम". मॅनेजर किती? बारा. एक्सेलमध्ये ते बारा जण ३८४ ओळींत कॉपी-पेस्ट झालेत. साधं रिग्रेशन, म्हणजे कशाचा कशावर किती परिणाम ते काढणारं गणित, बिचारं काही विचारत नाही, ३८४ सुटी माणसं समजून स्टँडर्ड एरर, म्हणजे अंदाज किती चुकू शकतो त्याचं माप, काढतं, ती लहान येते, मग पी व्हॅल्यू, म्हणजे परिणाम नसतानाही असा निकाल योगायोगानं येण्याची शक्यता, इवलीशी दिसते, तिला तीन तारे लागतात आणि आपण पेढे वाटतो.

मी वाटले होते. प्रबंध देण्याआधीच्या माझ्या प्री-सबमिशनला पी ०.००४ ची स्लाइड लावली आणि बाहेरून आलेल्या एका मॅडमनी एवढंच विचारलं, "शाखा किती?" म्हटलं नऊ. त्या "बरं" म्हणाल्या आणि पाणी प्यायल्या. बास. रात्री घरी मिक्स्ड मॉडेल, म्हणजे शाखांचे गट हिशेबात धरणारं, चालवलं तर ०.००४ चं ०.१७ झालं, नेहमीच्या ०.०५ च्या रेषेपलीकडे. मग फॉर्मचा गठ्ठा काढून बसले, तर एका शाखेचे सव्वीसच्या सव्वीस फॉर्म एकाच निळ्या पेनानं भरलेले, आणि तेराव्या प्रश्नाला सगळ्यांची खाडाखोड एकाच जागी. तिथे सव्वीस शितंसुद्धा नव्हती, एकच होतं.

करायचं कसं, तर आर या सॉफ्टवेअरमध्ये एलएमई-फोर पॅकेज, कंसात १, उभी रेघ, शाखा. एसपीएसएसमध्ये मिक्स्ड मॉडेल्स, मग लिनिअर. आधी शाखेशिवाय काहीच न घातलेलं रिकामं मॉडेल चालवून आयसीसी बघा. आणि "आयसीसी ०.०५ पेक्षा कमी असेल तर सोडून द्या" असं कमेंटमध्ये ठणकावून सांगणारे सर, बत्तीसच्या गटाला ०.०५ नंसुद्धा डिझाइन इफेक्ट २.५५ होतो, ३८४ चे दीडशे राहतात, काय सोडून द्या? हां, एक मात्र खरं की हा फटका मुख्यतः शाखेच्या पातळीवरच्या व्हेरिएबलला बसतो, वय किंवा अनुभव असं एकाच शाखेत माणसागणिक बदलणारं काही असेल तर इतका नाही.

शाखाच कमी मिळाल्या तर? आपल्या तारापूरकडे बघा. तारापूर आणि उंबरगावच्या कापड गिरण्यांवर अर्थतज्ज्ञ निकोलस ब्लूम आणि मंडळींचा २०१३ चा पेपर आहे, १७ कंपन्या, २८ प्लांट. काही कंपन्यांना महिनोन्‌महिने फुकट मॅनेजमेंट सल्ला दिला, काहींना नुसती तपासणी, आणि सल्लावाल्यांची उत्पादकता पहिल्या वर्षात १७ टक्के वाढली. चिठ्ठी टाकली ती कंपनीची, कामगाराची नाही. मग १७ कंपन्यांवर निभावलं कसं? एक तर त्याच प्लांटचा आठवड्या-आठवड्याचा डेटा लांबपर्यंत गोळा केला, आणि वर पर्म्युटेशन टेस्ट लावली. म्हणजे सल्ला कुणाला मिळाला ही लेबलं अदलाबदल करत राहायचं, आणि खरा निकाल त्या गर्दीत उठून दिसतो का ते बघायचं. १७ मधून कंट्रोलच्या, म्हणजे नुसत्या तपासणीवाल्या, ६ निवडायच्या १२,३७६ तऱ्हा होतात, लॅपटॉपला चहा होईपर्यंतचं काम. ते लोक १७ कंपन्या घेऊन एवढे सावध, आणि आपण ३८४ फॉर्म घेऊन निवांत.

आता "गाइड म्हणतात ३८४ लिहायचंच" ही कमेंट येणारच आहे. लिहा ना बाबांनो, कोण नको म्हणतंय, फक्त त्याच ओळीत शाखा किती तेही लिहा. पुढच्या व्हिडिओत मॉडेल कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका उत्तरावर स्थिरावत नाही, त्याचं काय करायचं ते बघू, त्याचे स्क्रीनशॉट पाठवणं आता थांबवा, इनबॉक्स भरलाय. तोवर खाली कमेंटमध्ये तुमचा आकडा टाका, फॉर्मचा नको, शाखांचा.