तेरा वर्षांनी साउंडचेक

मंडळी, उत्तरपूजेला आपण 'पुनरागमनाय च' म्हणतो तेव्हा कुणाच्याही मनात धाकधूक नसते. बाप्पा पुढच्या वर्षी येणारच, तारीखसुद्धा कालनिर्णयात सापडते. बँडचं तसं नाही. बँड फुटला की एक जण परदेशी जातो, दुसरा जिंगल्स करायला लागतो आणि ड्रमकिट माळ्यावर चढतं. परत येणारे थोडे, आणि नवी गाणी घेऊन येणारे त्याहून थोडे. आज मी त्यातल्या एकाच बँडबद्दल बोलणार आहे, मुंबईचा रॉक बँड इंडस क्रीड.

पुढे बसलेल्या तरुण मंडळींसाठी थोडं मागे जातो. १९८४ साली हा बँड 'रॉक मशीन' या नावानं उभा राहिला. तेव्हा बँडची परीक्षा एकच असायची: परदेशी गाणं किती हुबेहूब वाजवता? सोलोतला एक सूर इकडचा तिकडे झाला तरी पहिल्या रांगेतलं कुणीतरी तोंड वाकडं करायचं. अशा लोकांसमोर यांनी ओरिजिनल्स आणली, म्हणजे स्वतःची गाणी. ही हिंमत आज कळणार नाही. १९८८ मध्ये पहिला अल्बम, १९९० मध्ये दुसरा. १९९३ मध्ये नाव बदलून 'इंडस क्रीड' झालं. 'प्रिटी चाइल्ड' या गाण्याच्या व्हिडिओला एमटीव्ही एशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार मिळाला. १९९५ मध्ये नव्या नावाचा अल्बम आला आणि १९९७ मध्ये दुकान बंद. गायक उदय बेनेगल पुढे न्यूयॉर्कला गेले.

२०१० साली बँड पुन्हा एकत्र आला तेव्हा गाव तेच होतं, घर मात्र राहिलं नव्हतं. घर म्हणजे रंगभवन. धोबी तलावला, झेवियर्स कॉलेजला लागून असलेलं उघडं नाट्यगृह. जॅझ यात्रा हा जॅझचा महोत्सव तिथेच व्हायचा आणि ऑगस्टच्या पावसात इंडिपेंडन्स रॉक हा रॉकचा महोत्सवही. अंगाला चिकटलेले काळे टी-शर्ट, पायाखाली चिखल, आणि अॅम्प्लिफायरवर प्लास्टिक टाकायला धावणारी पोरं. पण जवळच रुग्णालय. शांतता क्षेत्राचे नियम आले आणि तिथला आवाज थांबला. रुग्णांच्या बाजूनं पाहिलं तर तक्रार करायला तोंड नाही, पण हळहळ वाटायची ती वाटतेच. २०१० पर्यंत हे संगीत लोअर परळच्या गिरणीच्या आवारात, ब्लू फ्रॉगसारख्या क्लबात शिरलं होतं. तिथे एसी, टेबलं, ताटल्यांचा खणखणाट.

बँडमधली माणसंही बदलली होती. बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि कीबोर्डवर झुबिन बालापोरिया हे जुने. बासवर रशाद मिस्त्री आणि ड्रम्सवर जय रो कवी हे नवे. बास आणि ड्रम्स म्हणजे घराचं जोतं. ड्रमर स्नेअरचा, म्हणजे समोरच्या छोट्या ड्रमचा, ठोका केसभर मागे ठेवतो की पुढे, एवढ्यावर जुन्या गाण्याची चाल बदलते. सूर तेच, शब्द तेच, तरी ऐकणाऱ्याला वाटतं, काहीतरी वेगळं आहे. गणपतीची मूर्ती दरवर्षी नवीच असते ना, तसं. फक्त लोकांना आरत्या त्याच हव्या असतात.

जुन्या आरत्यांवर त्यांना आरामात आणखी दहा वर्षं काढता आली असती. चाळिशी ओलांडलेला श्रोता कॉलेजचे दिवस परत मिळावेत म्हणून तिकीट काढतो, हे प्रत्येक आयोजकाला ठाऊक आहे. यांनी मात्र २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नव्या गाण्यांचा अल्बम काढला. पर्ल जॅम या अमेरिकन रॉक बँडचा पहिला अल्बम ज्यांनी मिक्स केला, त्या टिम पामर यांनी तो मिक्स केला. मला स्वतःला तो पहिल्या ऐकण्यात रुचला नव्हता. जुन्या बँडची सगळ्यांनी मिळून ओरडायची धृपदं शोधत होतो. इथली गाणी आडवळणाची. तिसऱ्यांदा ऐकताना लक्षात आलं, मी गाणी ऐकतच नव्हतो, स्वतःचं विशीतलं वय शोधत होतो.

आता थोडं घरचं सांगतो. आमचाही पुण्यात एक बँड होता, तुम्ही नाव ऐकलेलं नाही, ऐकायचं कारणही नाही. नऊ वर्षांनी आम्ही पुन्हा एका छोट्या जागी वाजवलं. स्टेजवरच्या स्पीकरला काळ्या टेपनं चिकटवलेल्या गाण्यांच्या यादीत तीन नवी गाणी होती. ड्रमरनं साउंडचेकलाच, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासतानाच, पेन काढून दोन खोडली. म्हणाला, "अरे, लोक बिअर आणायला उठतील." चौथ्या नंबरचं एक राहिलं. ते सुरू झालं आणि लोक खरंच उठले. अर्धी खोली रिकामी.

खांबाला टेकलेला एक मुलगा तेवढा जागचा हलला नाही. नंतर आम्ही वायरी गुंडाळत होतो तेव्हा तो आला आणि विचारलं, "काका, ते चौथं गाणं कुठे ऐकायला मिळेल?" आम्ही एकमेकांकडे पाहिलं. रेकॉर्डिंग कुणी केलंच नव्हतं.